फुमिकोवहिनींचा नाखवा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या फुमिको गुप्ते फार हळू बोलतात. बाळकुमच्या या कॉम्प्लेक्समध्ये आम्ही सगळे राहायला आलो तेव्हापासून बायकांनी ठरवून टाकलं होतं, की जपानी माणसं सभ्य, म्हणून हळू बोलतात. मुलं दंगा करू लागली की आया त्यांचंच उदाहरण द्यायच्या. "बघ त्या वहिनी, आवाज तरी येतो का?"

आवाज का येत नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मला कळलं ते या वर्षी, सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या तयारीत. तिसऱ्या मजल्यावरच्या हेमांगीने बायकांसाठी छोटं संगीत नाटक लिहिलं होतं. ठाण्याच्या खाडीतला एक नाखवा वादळात हरवतो आणि कित्येक वर्षांनी घरी परततो, तर बायको त्याला ओळखत नाही. बायको स्वतः हेमांगी, नाखवा नंदा. पेटी माझ्याकडे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी चॅपेलच्या ऑर्गनवर बसवलेला हात अजून चालतो.

आठवडा उरला असताना नंदाचा पाय मुरगळला आणि प्लास्टर आलं. तालमीत सगळ्या हिरमुसून बसल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून, नेहमीच्या त्या कुजबुजत्या स्वरात, फुमिकोवहिनी म्हणाल्या, "मी करू?"

"वहिनी, पुढच्या वर्षी तुम्हाला हिरॉइन करते," हेमांगी हसून म्हणाली. "हा दणकट कोळी आहे हो!"

वहिनींनी खुर्चीवरची लाल टोपी उचलली आणि आमच्याकडे पाठ केली. टोपी चढवली. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि वळल्या.

मी काय पाहिलं ते कसं सांगू? पाय फाकलेले, वजन टाचांवर, जणू खालची फरशी पाण्यावर हलते आहे. मान जड. समोर एक थकलेला पुरुष उभा होता. नंदाने चटकन ओढणी सारखी केली आणि मग स्वतःच ओरडली, "अगो बाय माझे! मी कुणाला लाजतेय?"

त्या संध्याकाळी वहिनींचे यजमान, विश्रामराव, माझ्याकडे चहाला बसले आणि सगळं बोलले. फुमिको एका लहानशा बंदरातल्या होडी दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. शाळा संपताच ओसाकाच्या एका नाटक कंपनीत गेली. त्या कंपनीत सगळ्या बायकाच. आपल्याकडे पुरुषांनी शालू नेसून रंगभूमी गाजवली, तिकडे बायकांनी कमरेला तलवार लावून. ही उंच, म्हणून पुरुषांच्याच भूमिका मिळाल्या. राजपुत्र, जहाजाचे कप्तान, दरोडेखोर. गाण्याच्या दोन रेकॉर्ड निघाल्या. टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे लोक स्टेशनवर ओळखू लागले.

"मला तिकडच्या ऑफिसातून फुकट तिकीट मिळालेलं," विश्रामराव म्हणाले. "भाषा एक अक्षर कळत नव्हती. पण मनात आलं, काय देखणा माणूस आहे!"

पुढे तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्राची एक बाजू कायमची निकामी झाली. कंपनीने निरोपाचा समारंभ केला. ती परदेशी इंजिनिअरांना जपानी लिहायला शिकवू लागली. त्या वर्गात विश्रामराव होते. फळ्यावर खडूने अक्षरं काढणारी ही बाई म्हणजेच तो देखणा माणूस, हे त्यांना लग्न ठरल्यावर कळलं.

"आता गाणार म्हणते," ते कपाकडे बघत म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, फार ताणलंत तर उरलाय तोही आवाज जाईल. मी नको म्हटलं. तर म्हणाली, एकदाच गाईन."

तालमी सुरू झाल्या. दारापाशी आल्यावर नाखव्याने 'दार उघड' हे गाणं सुरू करायचं. पण वहिनी आधी थांबायच्या, पुष्कळ वेळ. आता प्रॉम्प्टर झालेली नंदा विंगेतून दणक्यात सांगायची, "दार उघड! वहिनी, दार उघड!"

"नंदाताई, मी विसरले नाही," वहिनी म्हणायच्या. "नाखवा थांबलाय."

"अहो, लोकांना वाटेल माइक बंद पडला!"

कार्यक्रमाच्या दिवशीही नंदाला राहवलं नाही, विंगेतून 'दार उघड!' आलंच. पण वहिनींनी गायला सुरुवात केली आणि मंडपातली कुजबुज बंद झाली. फाटका, खोल, ओल्या दोरखंडासारखा खरखरीत आवाज. वादळातून आलेल्या माणसाचा दुसरा कुठला असेल? शेवटच्या ओळीला तो चढला, चिरला, तरी टिकला.

आणि टाळ्यांमधून आरोळी उठली, "वन्स मोअर!"

संगीत नाटक म्हटलं की आपल्या लोकांना राहवतं थोडंच! मागून, बाजूने, सगळीकडून तेच. पहिल्या रांगेत विश्रामराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते काही बोलणार, एवढ्यात वहिनींनी हात वर केला. मग माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मागे जाऊन पुन्हा दाराकडे चालत आल्या.

त्या थांबल्या. मी विंगेकडे पाहिलं. नंदाने वही मिटून मांडीवर ठेवली होती.

मी पेटी सुरू केली. वहिनींनी ओठ उघडलेच नाहीत. हात दारापाशी गेला आणि कडीला न लागता परत आला. जिथे सूर चढला होता, तिथे आता खांदा चढला. जिथे चिरला होता, तिथे मान खाली गेली. मंडपातल्या प्रत्येकाला गाणं ऐकू येत होतं. मला विचाराल तर मी म्हणेन, पहिल्यापेक्षा स्पष्ट. इतक्या वर्षांत मी असं काही पाहिलेलं नाही. आत बसलेल्या हेमांगीने दार उघडलं. नाटकात ते तिथे उघडायचं नव्हतं.

विश्रामराव हळूच खाली बसले.

सकाळी बेल वाजली तेव्हा मी धावत जाऊन दार उघडलं. दारात वहिनी, हातात माझा डबा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ताई," त्या कुजबुजल्या. आवाज होता, तेवढाच, कालच्यासारखाच. "दुसऱ्या वेळी तुम्ही पेटी जरा घाईत वाजवलीत."