डबा काढला तरी इंजिन चालू

ह्या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर फरसाण खावं तसे वाचत आलो. मजा यायची, विश्वास मात्र एकावरही नव्हता. माझा धंदाच असा की गाडी बिघडली तर तिला कारण असतंच – वायर, सेन्सर, नाहीतर मालकाचं डोकं. आता मीच लिहायला बसलोय, तर हसा खुशाल.

माझं अलिबागला गॅरेज आहे. गाड्यांना पिगीबॅक बसवून ट्यून करणं हे माझं खास काम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – गाडीचा मूळ कॉम्प्युटर तसाच ठेवायचा, सेन्सरकडून त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी मधेच तोडायच्या आणि तिथे आपला छोटा डबा जोडायचा. सेन्सर सांगतो एक, डबा पुढे कळवतो दुसरंच. मूळ कॉम्प्युटर बिचारा ते खरं धरून पेट्रोल कमी-जास्त सोडतो. थोडक्यात, गाडीला थापा मारून पळवायचं.

श्रीवर्धनचे सलीमभाई आखातात नोकरीला असतात. ह्या मे महिन्यात ते सुट्टीवर आले आणि त्यांच्या जुन्या हॅचबॅकला मी असा डबा बसवून दिला. पण खरं ट्यूनिंग रस्त्यावरच होतं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे बदलत बसायचं. म्हणून सकाळीच बोर्ली पंचतन सोडून आम्ही समुद्राच्या कडेच्या रस्त्याला लागलो.

इथे आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. धूर तपासायचा सेन्सर आम्ही सायलेन्सरच्या तोंडाला अडकवतो आणि त्याची वायर डिकीतून आत घेतो. डिकी मग पूर्ण लागत नाही, फटीत फडकं कोंबायचं. चालत्या गाडीत चालून जातं. उभ्या गाडीत, काचा लावून, इंजिन चालू ठेवून बसायचं नसतं, फटीतून धूर आत येतो... पण ऊन रणरणत होतं, एसी सुखाचा होता.

वाटेत सलीमभाईंना कंपनीचा फोन आला. गाडी डोंगराच्या बाजूला लावून ते उतरले आणि रेंजसाठी पलीकडच्या खडकांकडे गेले. "इंजिन चालू राहू द्या, उभ्या गाडीतलं आयडलिंग बसवून घेतो," असं मी सांगितल्याचं मला पक्कं आठवतं.

मी स्क्रीनकडे बघत होतो आणि कर्सर हलला. माझा हात कीबोर्डवर नव्हता. कर्सर आकड्यांच्या तक्त्यात एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात सरकत होता आणि प्रत्येक ठिकाणी पेट्रोल वाढवत होता. खालच्या कोपऱ्यापासून वर, जरा-जरासं... अगदी मी करतो तसंच. लॅपटॉपला शिव्या घालून मी डब्याकडे जाणारी केबल उपटली. आकडे थांबले नाहीत.

इंजिनचा आवाज जड झाला. सायलेन्सर भकभकायला लागला आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास आत आला. डोळे चुरचुरले, डोकं जड झालं. दार उघडायला गेलो – उघडेना. लॉकचं बटण वर ओढलं की पुन्हा खाली बसायचं. काचेचं बटण मेलेलं. इंजिन बंद करायला पलीकडे हात घातला, तर चावीची जागा रिकामी!

राहता राहिला डबा. इंजिन फिरतंय हे सांगणारी वायरसुद्धा मी त्याच्यातूनच नेलेली होती. डबा काढला की ठिणगी बंद, इंजिन त्या क्षणी मरतं, त्यात दुसरं काही होऊच शकत नाही. मी पायाशी वाकलो आणि प्लग खेचून काढला. डबा माझ्या हातात होता. इंजिन चालूच होतं.

खोटं कशाला बोलू, मी रडलो. काचेवर मुठी मारल्या, ओरडलो. सलीमभाई समोर दिसत होते, पाठ करून, एक बोट कानात घालून बोलत होते. आपण मरणार आणि बायकोला लोक सांगणार की ह्या माणसाला साधी गाडी बंद करता आली नाही, हे डोक्यात आलं. त्याची लाजही वाटली. मग हात उचलवेना.

दार उघडलं तसा मी रस्त्यावर कोसळलो. उलटी झाली. "गाडी बंद करा आधी," मी कसाबसा म्हणालो.

"या अल्ला! दादा, गाडी कवाची बंद हाय," सलीमभाई म्हणाले. "फोनवर ऐकायला येत न्हवतं म्हणून मीच बंद केली ना. तुम्हीच बोललाव, करा बंद. ही बघा चावी. आतून लॉक लावून बसलाव, म्हणून हिनंच दार उघडलं."

"आणि मी काच बडवत होतो ती?"

"न्हाय ओ. मान टाकून बसलेलाव, म्हणून तर धावत आलो."

मी ऐकलं. खरंच, समुद्राशिवाय कसलाच आवाज नव्हता.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला श्रीवर्धनच्या दवाखान्यात पोचवलं. ऑक्सिजन लावला. रक्त तपासून डॉक्टर चिडले, "चालू गाडीत काचा लावून बसलात ना? रक्तात गॅस आहे, थोडक्यात वाचलात." गाडी बंद होती हे डॉक्टरांना सांगायची सलीमभाईंची हिंमत झाली नाही.

मित्र म्हणतात, गॅस डोक्यात गेला आणि भास झाला. बरं, मान्य. पण गाडी बंद होती तर गॅस आला कुठून? आणि चालू होती म्हणावं, तर चावी सलीमभाईंच्या हातात आणि डबा माझ्या हातात... मी रोज ह्या दोन टोकांमध्ये फिरतो आणि बाहेर पडायला वाट सापडत नाही.

डबा माझ्या मुठीतच दवाखान्यात आला होता; तो नसल्याने ती गाडी सुरू झालीच नाही, ओढत घरी न्यावी लागली. ती अजून त्यांच्या दारात उभी आहे. तोडलेल्या वायरी माझ्याशिवाय कुणी जोडायला तयार नाही, आणि त्यांची परत जायची वेळ जवळ आलीये. परवाही फोन आला – "कधी येताव, दादा?" येतो म्हणालोय. जोडणी झाल्यावर कुणाला तरी दार लावून, आत बसून ती सुरू करून बघावी लागणार आहे.