सावकाश होऊ द्या

संग्रहालयात युद्धातल्या छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. एका चित्रापुढे मी बराच वेळ उभा होतो. चार जवान खंदकात बसून जेवत होते. हातावर पोळी, पोळीवरच भाजी. एकाचा घास तोंडाशी थांबलेला आणि नजर वर, आभाळाकडे. उजेड कुठून आलाय, कॅमेरा कुठे धरला असेल, असल्या चौकशा माझ्या मनात चालल्या होत्या.

शेजारी नऊवारीतल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चित्र पाहिलं आणि लगेच मान वळवली.

"बरं वाटत नाही का, मावशी?" मी विचारलं.

"तसं नाही, दादा. जेवत्या माणसाकडं टक लावून बघू नये. घास उतरत नाही त्याला." आणि पंगतीत वाढणारीनं म्हणावं तसं, पुढे सरकता सरकता त्या चित्रातल्यांना म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

मी ओशाळलो.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं. एरवी मी पेपर वाचत भराभर उरकणारा माणूस. वरण निवेपर्यंत थांबावं, भात पुन्हा मागावा, ही चैन मला जन्मभर मिळत आली. ती कुणीतरी मिळवून देत होतं, हे कधी मनातच आलं नव्हतं. त्या दिवशी पेपर बाजूला ठेवून मी शेवटच्या ताकभातापर्यंत चवीने जेवलो आणि तसाच बसून राहिलो.

"हात वाळला की. उठा आता," बायको म्हणाली.

पण सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगतीतून उठायचं नसतं. त्या चौघांचं अजून व्हायचं होतं.