दक्षिणेला वळलेली डिश

मसुऱ्याच्या शाळेत जाताना वाटेवरच्या अंगणात मला तो म्हातारा रोज दिसायचा. त्याने टीव्हीच्या जाळीच्या मोठ्या डिशला मोटर बसवली होती आणि सी, केयू या उपग्रहांच्या दोन्ही लहरपट्ट्यांवरची चॅनेलं तो त्या एकाच डिशवर पकडायचा. बटण दाबलं की डिश कुरकुरत फिरे. तो मान तिरकी करून, नुसत्या आवाजावरून, उपग्रह जवळ आल्याचं ओळखे. उठताना मात्र ती न चुकता पश्चिमेला, समुद्राकडे वळवून ठेवी.

"मोटरीचं शून्य, म्हणजे तिची मूळ जागा, दक्षिणेला असते ना? मग तिथेच का ठेवत नाही?" मी एकदा विचारलं.

"मास्तरानू, दक्षिणेक तोंड करून दिवो लावतत तो मेलेल्या माणसासाठी. मगे रातभर डिश थंय कित्याक ठेवू?"

परवा सकाळी डिश थेट दक्षिणेला होती. मी गाडी थांबवली. तो पडवीत आरसा टांगून दाढी करत होता.

"कोणी फिरवली?"

"कोणी नाय. रातभर लायट नाय होती, तरी फिरली," तो शांतपणे म्हणाला. "आणि घरात मी एकटोच आसंय."

मग त्याने गालाची राहिलेली बाजूही नीट साफ करून घेतली.