लाल तोंडाचा हापसा

चिटगुप्प्याजवळच्या आमच्या गावात मी जन्मभर विज्ञान शिकवलं. फ्लोरिन माझा आवडता पाठ. मूलद्रव्यांतला सगळ्यात भांडखोर गडी. एकटा सापडतच नाही, भेटेल त्याला धरून बसतो. त्याचं आम्ल काचेच्या बाटलीत ठेवलं तर काचच खातं. नॉनस्टिक तव्यावर मात्र तोच शहाण्यासारखा बसतो, टूथपेस्टमधून दातही सांभाळतो. आपल्याकडच्या खडकातून तो पाण्यात उतरतो आणि जास्त झाला की दात डागाळतो, हाडं आखडवतो, एवढं सांगायच्या आत तास संपायचा.

संपलेला बरा. गावातला कधीच न आटणारा हापसा माझ्याच दारात होता.

पाणी तपासणारे आले आणि त्याच्या तोंडाला लाल रंग फासून गेले. म्हणजे पिऊ नका. पण आमच्याकडे लाल फासलेल्या गोष्टीला लोक हात जोडतात. बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. हा रंग कशाचा, असं मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पाण्यात फ्लोराइड आहे. टूथपेस्टमध्ये असतं तेच." एक शब्द खोटा नव्हता. दारातली गर्दी आणि माझा मान, दोन्ही वाढले.

आता बायकोचे गुडघे वाकत नाहीत. हापशाची पूजा ती उभ्यानेच करते. गाव आता चौकातून फिल्टरच्या पाण्याचे कॅन आणतं, ती मात्र देवीचंच पाणी पिते. परवा नात राहायला आली. दुधाचे दात पडलेले, नवे यायचे आहेत. आजीने तिच्यासाठी हापशाचं पाणी मन लावून उकळलं. उकळून पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं.

"तिला देऊ नको ते," मी म्हणालो.

"कामून? चांगलं खळखळ उकळलंय की."

मग सगळं सांगावं लागलं.

"म्हंजी माझे गुडघे..."

"व्हय."

"आन् तो लाल रंग?"

"पिऊ नका म्हणून."

ती हापशाकडे वळली. "म्हंजी इतकी वर्षं मी पिऊ नका म्हणलेल्याची वटी भरायले! अन् तुमी दारात बसून बघायलाव." उकळलेलं पाणी तिने मोरीत ओतलं. "उठा, मास्तर. कॅन आणा. हातानं. अन् सगळ्यांदेखत चौकातनं या."

चौकात कट्ट्यावरून हाक आली, "काय मास्तर, दारात देवी असून कॅन?"

मी कॅन खाली ठेवला आणि राहिलेला पाठ सांगायला घेतला.