नारळ आणि कच्ची माती

आमच्या तालुक्यात पंचमहाभूतांवर कलाप्रदर्शन भरलं. माझ्या बायकोने त्यात पृथ्वी मांडली होती: दगडासारखा दिसणारा, न भाजलेल्या मातीचा गोळा. पावसाळाभर ती तो घडवत होती.

उद्घाटनाला पाहुणे नारळ फोडायला दगड शोधू लागले आणि, अहो काय सांगू, तिच्या पृथ्वीवरच त्यांनी हात उगारला!

“साहेब, थांबा! ती माझी बायको आहे!” मी ओरडलो.

हशा पिकला. नारळ पायरीवर फुटला, पण एक शिंतोडा मातीवर उडालाच. मी रुमाल काढला.

“अहो, पुसू नका, पसरेल. वाळू दे आपोआप,” ती म्हणाली.

भाजलेल्या मडक्यासाठी जीव असा टांगणीला लागत नाही. अग्नी, वारा, आकाश बघायचं राहूनच गेलं. संध्याकाळभर मी तो ओला ठिपका बघत उभा होतो.