विचारायला उमरेडला

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागताच बाबांनी मला उमरेडहून नागपूरला आणलं. आठवडाही झाला नसेल, एका सकाळी पोटात कळा सुरू झाल्या आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझी मुलगी जन्मली. आईच्या तळव्यावर मावेल एवढी. रडली नाही, कुंईकुंई केलं फक्त.

डॉक्टरांनी तिला कापसात गुंडाळलं. म्हणाले, "जीव फार लहान आहे. काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन लावतो, पण भरवसा देत नाही. जगली तरी डोळे, डोकं धड राहील असं सांगता येत नाही. ठेवायची का, तेवढं सांगा."

"ठेवा!" मी खाटेवरून ओरडले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाबांच्या तोंडाकडे बघत होते. आणि बाबा काय म्हणाले? "लेक आमची हाये साहेब, पण लेकरू त्यायच्या घरचं. उद्या आमच्यावर बोल येईन. मी सासरच्याइले विचारून येतो."

"बाबा, मी मेली हावो का? मले विचारा ना!"

"तू गप राय वं. तुले काय समजते यातलं?"

गेले. एस.टी. पकडून खरंच गेले! आई पदराने डोळे पुसत बसली. डॉक्टर म्हणाले, घरच्यांचा निर्णय येऊ द्या. पेटी तिथेच भिंतीशी रिकामी होती, मला दिसत होती. मी आरडाओरडा केला तर नर्सबाई म्हणाली, टाके तुटतील. तुटू दे ना बाई, त्या टाक्यांना काय चाटायचंय! पोर माझ्या कुशीत धापा टाकत होती. दुपार कलली तशी धाप थांबली.

दिवे लागायच्या सुमारास बाबा सासूबाईंना घेऊन आले. सासूबाईंनी कापूस बाजूला केला, पाहिलं आणि बाबांवर कडाडल्या, "हे इचारायले आले होते तुमी? मी काय नाही म्हटलं असतं? काहून नाही ठेवलं पेटीत?"

बाबा म्हणाले, "रीत हाये ना."

आग लागो त्या रीतीला. लोक मला समजावतात, एवढीशी जगलीच नसती. नसती जगली, मी कुठे नाही म्हणते? पण तिची आई तिथे शुद्धीत होती, हो म्हणत होती, आणि माझा बाप विचारायला उमरेडला गेला.