फिनेलबाईंचे जिवाणू

फिनेलबाई हे काही त्यांचं खरं नाव नाही, पण आमच्या गल्लीत खरं नाव कुणाला ठाऊकही नाही. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं काचेची भांडी धुतली. जंतू मारणं हेच काम. निवृत्त झाल्यावर त्या जंतू पाळू लागल्या. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, त्यांना काकू म्हणते. साहित्यात पदवी घेतली, पण असं काही वाचलं नव्हतं.

घरामागे चार वाफ्यांपुरती जागा आहे. तिथे काकू टोमॅटो लावतात. दोन वर्षं पीक हातचं गेलं. हिरवंगार रोप दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी सावरायचं आणि चौथ्या दिवशी संपायचं. काकूंनी एकदा तसल्या रोपाचं खोड कापून पाण्याच्या पेल्यात धरलं. कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला. हेच मर रोगाचे जंतू, मातीत राहतात, असं त्या म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा आला. त्या मात्र जुनं माणूस भेटल्यासारख्या हसत होत्या.

काका निवृत्त बसचालक. त्यांना त्या जागेवर स्कूटर दुरुस्तीसाठी पत्र्याची शेड हवी होती. दोन वर्षं त्यांनी कळ काढली. या वर्षी ठरलं, पीक मेलं तर जागा काकांची; जगलं तर त्यांनी शेडचं नाव काढायचं नाही. काकूंनी लगेच हो म्हटलं. मग बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. ओटा स्वच्छच होता.

शेतकी महाविद्यालयातून त्यांनी उपयोगी जिवाणूंची पुडी आणली. ती पाण्यात कालवायची, लावण्याआधी रोपांची मुळं त्यात अर्धा तास बुडवायची आणि उरलेलं पाणी बुंध्याशी ओतायचं. चांगले जिवाणू मुळांपाशी आधीच ठाण मांडून बसतात, मग वाईटांना शिरकाव मिळत नाही. काका म्हणाले, म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे.

दोन वाफे लावून झाले आणि पुडी देणाऱ्या बाईंचा महाविद्यालयातून फोन आला. बादली कशाने धुतली, त्यांनी विचारलं. ब्लीचिंग पावडरने, दोनदा, काकूंनी अभिमानाने सांगितलं. शिवाय पाण्यातही चिमूटभर टाकली होती. मग पुडीतले जिवाणूही मेले, बाई म्हणाल्या. काकूंनी फोन ठेवला.

"अगं, मी त्यांना आंघोळ घालूनच मारलं," त्या मला म्हणाल्या.

आत काकांच्या हातातलं वर्तमानपत्र हलत होतं. ते हसू दाबत होते.

उरलेली पुडी दोनच वाफ्यांना पुरणार होती, नवी पुढच्या हंगामाशिवाय मिळणार नव्हती. नळाच्या पाण्यातही जंतुनाशक असतं, म्हणून काकूंनी विहिरीचं पाणी आणलं, बादली त्याच पाण्याने विसळली. दोनदा त्यांचा हात ब्लीचिंगच्या डब्याकडे गेला. तिसऱ्यांदा त्यांनी डबाच माझ्या खोलीत ठेवायला दिला.

महिन्याभराने पहिल्या वाफ्यात दोन रोपांनी मान टाकली. मग पाच. मग रोजच. काकू ती उपटून दूर नेऊन जाळत. काका दुपारी वाफ्यांतून फिरू लागले. मला वाटलं, शेडसाठी जागा मापताहेत. मला त्यांचा रागच आला.

फळं लाल होईपर्यंत पहिल्या दोन वाफ्यांतली चाळीसपैकी एकोणतीस रोपं गेली. पुढच्या दोन वाफ्यांत चाळीसपैकी तीन. मधे हातभर पायवाट. माती तीच, ऊन तेच. मी तिथे नुसती बघत उभी राहिले.

काकूंना लबाडी जमत नाही. त्या काकांना म्हणाल्या, "अहो, अर्धं पीक मेलं ते खरंच. हे दोन वाफे तुमचे."

काका पायवाटेवर उभे होते. डावीकडे जवळजवळ मोकळी माती, उजवीकडे छातीएवढी झाडं. त्यांनी एक टोमॅटो तोडला, शर्टाला पुसला आणि उभ्या उभ्या संपवला.

"चूक केलीस म्हणून तर मला फरक दिसला," ते म्हणाले. "सगळेच वाफे जगले असते तर म्हटलं असतं, यंदा हवा बरी होती. इथे वांगी लाव."

वांग्यालाही हाच रोग होतो, असं काकूंनी बजावलं.

"मग त्यांनाही पाज तेच. मुळं मी बुडवतो."

काकू खाली वाकून त्या मोकळ्या मातीतले खडे वेचू लागल्या.